ढील

"ठक्क होतं," मी म्हणालो.
"कधी?"
"पाय काढला की. पुन्हा दिला की.
रिव्हर्स टाकताना तर
खालून कुणी दार ठोठावल्यासारखं."

कोल्चानीच्या टोकाला, रस्ता संपून मीठ सुरू होतं
तिथे फोर्तुनाता युक्राची पत्र्याची शेड.
वारा नटबोल्टांच्या डब्यातसुद्धा शिरलेला.
"काय काय बदललंस?"
"युनिव्हर्सल. चारही. ओरुरोहून आणवले,
दोन फेऱ्यांची कमाई गेली."
"आणि?"
"ठक्क."

हसली नाही.
चाकांना उटी म्हणून मिठाच्या विटा लावल्या,
हँडब्रेक सोडायला सांगितला, गिअर न्यूट्रल,
आणि घागरा खोचून पाठीवर सरकत
गाडीखाली गेली, साठाव्या वर्षी.

मला वाटलं हातोडी मागेल.
खडू मागितला.

मागचा शाफ्ट मुठीत धरून
मनगटाने इकडे, तिकडे,
हाडवैद्य खांदा चाचपतो तसं, डोळे मिटून.
फ्लँजवर एक रेघ, हलून थांबली तिथे दुसरी.
"हे पिनियनचं. म्हातारं झालंय, पण चावत नाही.
हे स्प्लाइनचं. नुसतं फिरतंय तोवर ठीक,
वर-खाली उचललं गेलं असतं तर बोलले असते.
गिअरमध्ये टाक. हं. हे ट्रान्सफर केसचं."
प्रत्येकाकडे तीळभर.
एक तीळ सात जणांनी वाटून खावा, ते वेगळं;
इथे सात जणांनी आपापला तीळ आणून टाकलेला
आणि त्याचा आवाज माझ्या सीटखाली.

"मग चोर कोण?"
"तुला चोर हवाय," ती खालूनच म्हणाली.
"थांब. एक आहे अजून."

पुढचं चाक जॅकवर. हबच्या मध्यावरची टोपी,
चहाच्या बशीहून लहान,
मी तेरा वर्षांत कधी उघडली नव्हती.
तिने स्क्रूड्रायव्हरने उचकटली.
आतलं ग्रीस करडं, बोटांना रवाळ.
"चाख."
मी चाखलं.
खारट.

तिने चाक हलवलं. चाक बोटभर गेलं,
मग कुठे अॅक्सलला कळलं.
फ्लँज काढून माझ्या तळव्यावर ठेवली:
आतले दात उंदराच्या दातांसारखे टोकदार,
झिजलेले, आणि तेही एकाच कडेने.

फेब्रुवारी आठवला. मिठावर वीतभर पाणी,
पाण्यात सगळं आभाळ उतरलेलं,
पाहुण्यांना त्या आभाळात उभं राहून फोटो हवा होता.
एलाडिओ म्हणाला, इतक्या आत नको.
भाऊ माझा. गाडी दोघांची.
मी गेलो.
संध्याकाळी खालून पाइप मारायचा असतो, तोही मारला नाही,
टिप मिळाली होती, बिअर गार होती.
इस्टरनंतर त्याने हिशेबाची वही वेगळी केली.
तेव्हा काहीच वाजलं नव्हतं.

"नवी फ्लँज?"
"ला पासला मिळेल. महिना धर."
तिने दोन्ही बाजूंच्या काढल्या, घासून पुसल्या,
डावी उजवीकडे बसवली, उजवी डावीकडे.
"ज्या कडेने आजवर भार घेतला नाही, ती आता घेईल."
"ठक्क जाईल?"
"नाही. पण रस्त्यात सोडणार नाही."
"आणि बाकीचं सगळं घट्ट करून टाकलं तर?"
"घट्ट?" आता हसली, किडका दात दाखवून.
"दाताला दातापाशी हलायला जागा लागते रे.
ती काढलीस तर पोतोसीच्या चढावर जळतील सगळे."

चाळीस बोलिव्हियानो घेतले,
मिठाच्या विटा पायाने बाजूला सारल्या.

गाव ओलांडताना उन्हं कलली होती.
एलाडिओच्या अंगणात दिवा, त्याची बायको दोरीवरचे कपडे ओढत होती.
मी ब्रेक लावला नाही.
नुसता पाय काढला.

ठक्क.